मांजराच्या चेहऱ्यावरचे केस विरळ झालेत? आधी खालची कातडी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षांचा काळा बोका, आखूड केसांचा, डोळा आणि कान यांच्या मधल्या जागेत दोन्ही बाजूंचे केस इतके विरळ झालेत की खालची कातडी दिसते. खाणं, पिणं, खेळणं सगळं व्यवस्थित, खाजवताना फारसा दिसत नाही. कोणीतरी सांगितलं की हे गजकर्ण असणार, माणसांचं मलम लावून बघा. तर हा आजार आहे का, मलम लावायचं का आणि केस परत येतील का, असे तीन प्रश्न आहेत.

मी व्हेट, म्हणजे जनावरांचा डॉक्टर आहे, बरीच वर्षं मुख्यतः मांजरांचंच काम करतोय आणि त्यातही कातडीच्या तक्रारी जास्त बघतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो कारण चेहऱ्यावरचे केस जाणं म्हटलं की अगदी काहीच नाही पासून ते लगेच बघायला हवं इथपर्यंत सगळं त्यात येतं.

तुमच्या बोक्याबद्दल माझा पहिला अंदाज हा की हा आजारच नाहीये. मांजरांमध्ये डोळ्याच्या वरून कानाच्या बुडापर्यंत जाणारा जो पट्टा असतो, माणसात ज्याला आपण कानशील म्हणतो साधारण ती जागा, तिथे केस मुळातच बाकी चेहऱ्यापेक्षा कमी दाट असतात. पिल्लू असताना ते लक्षात येत नाही, साधारण १४ ते २० महिन्यांच्या आसपास दिसायला लागतं आणि वय वाढेल तसं अजून थोडं उघडं पडत जातं. लांब केसांच्या मांजरात ते झाकलं जातं, पांढऱ्या किंवा फिक्या रंगाच्या मांजरात केस आणि कातडी एकाच रंगाची दिसल्यामुळे कळत नाही, पण आखूड केसांच्या काळ्या मांजरात मात्र काळ्या केसांतून फिकट कातडी एकदम नजरेत भरते. त्यात खिडकीतून बाजूने ऊन पडलं की माणूस घाबरतोच. गंमत म्हणजे केस तिथे कालपरवा गेलेले नसतात, आपण नीट बघितलेलं कालपरवा असतं, म्हणून जुने फोटो काढून बघा, वर्षभरापूर्वीच्या फोटोत पण ती जागा थोडी विरळच दिसेल.

पण हे नॉर्मल म्हणायला काही अटी आहेत आणि त्या सगळ्या पाळल्या गेल्या पाहिजेत. दोन्ही बाजू सारख्या हव्यात. खालची कातडी साफ, मऊ आणि तिच्या नेहमीच्या रंगाची हवी, म्हणजे लाली नाही, कोंडा नाही, खपली नाही, पुटकुळी नाही, ओरखडा नाही. तिथे बारीक बारीक केस सगळीकडे पसरलेले हवेत, एखादा गोल चट्टा पूर्ण टक्कल पडल्यासारखा नको. आणि खाज नको. यातली एक जरी गोष्ट जमत नसेल तर नॉर्मल हा शब्द बाजूला ठेवायचा आणि पुढचं वाचायचं.

आता चेहऱ्याच्या बाबतीत जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती सांगतो. मांजराची जीभ खरखरीत असते, काट्यांची, आणि पोटावरचे, मांड्यांच्या आतले, शेपटीच्या बुडाचे केस मांजर नुसती चाटून चाटून घालवू शकते. स्वतःचा चेहरा मात्र तिला चाटताच येत नाही, पुढचा पंजा ओला करून ती तोंडावरून फिरवते तेवढंच. म्हणजे चेहऱ्यावरचे केस गेले असतील तर वाटा मोजक्याच उरतात, एकतर मागच्या पायाच्या नखांनी खाजवून गेलेत, नाहीतर कुठेतरी घासून, नाहीतर घरातल्या दुसऱ्या मांजराने चाटून, नाहीतर केस स्वतःच मुळातून सुटलेत किंवा तुटलेत. म्हणून टेन्शनमुळे केस जातात हे पोटाच्या बाबतीत कधी कधी खरं असलं तरी फक्त चेहऱ्यावरच टक्कल असेल तर मी टेन्शनवर बोट ठेवत नाही, आधी खाज शोधतो. आणि खाजवत नाही असं मालक म्हणतात त्यावर पूर्ण विसंबत नाही, कारण मांजरं आपण झोपलेलो असताना किंवा पलंगाखाली बसून खाजवतात, आपल्याला दिसतात फक्त नखांचे ओरखडे आणि बारीक खपल्या. क्लिनिकमध्ये याची एक सोपी तपासणी असते, त्या जागेचे चार केस उपटून मायक्रोस्कोपखाली बघायचे, टोकं निमुळती असतील तर केस आपोआप गळलेत आणि टोकं तुटलेली, फाटलेली असतील तर कोणीतरी ते तोडलेत. पाच मिनिटांचं काम आहे, आणि अर्धी दिशा तिथेच कळते.

घरी बघायचं तर मांजर झोपेत किंवा निवांत असताना मोबाईलचा टॉर्च बाजूने धरा, केस उलट्या दिशेने सारा आणि कातडी बघा. मग कान उलटून आत बघा, हनुवटी बघा, नाकाचा दांडा, ओठ, पापण्यांच्या कडा, आणि शेवटी चारही पायांची नखं जिथून निघतात ती जागा. नखं कशाला असं वाटेल, ते पुढे येईलच.

खाज असेल तर मी सगळ्यात आधी कानात बघतो. कानाच्या समोरचे किंवा मागचे केस गेलेत, तिथे ओरखडे आहेत आणि मांजर डोकं झटकते, तर मूळ तक्रार बहुतेक वेळा कानाच्या आत असते. कानातले माइट्स, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे बारीक किडे, त्यांचं नाव ओटोडेक्टिस सायनोटिस, पिल्लांमध्ये आणि बाहेरून आणलेल्या मांजरांमध्ये फार सापडतात, आत कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट तपकिरी घाण साठते आणि खाज इतकी की मांजर स्वतःचा गाल फाडून घेते. यात चेहऱ्यावर काही लावून काय उपयोग, कान बरा झाला की चेहरा आपोआप भरतो. एक आहे, घरातल्या सगळ्या मांजरांना आणि कुत्र्यांना पण एकाच वेळी औषध द्यावं लागतं नाहीतर माइट्स एकमेकांकडे फिरत राहतात.

दुसरा प्रकार म्हणजे मांजराची खरूज, नोटोएड्रिस कॅटी नावाच्या माइटमुळे होते. ही कानाच्या कडेपासून सुरू होते, तिथून चेहरा, पापण्या, मान असं खाली उतरते, आणि मग मांजर स्वतःला साफ करते किंवा अंग दुमडून झोपते त्यामुळे पंजे आणि शेपटीकडचा भाग पण धरतो. कातडी जाड, सुरकुतलेली, करड्या पिवळ्या खपल्यांची होते आणि खाज भयंकर. एकदा बघितलेली विसरता येत नाही. मांजरातून मांजरात चटकन जाते, माणसाला पण काही दिवस खाजरे पुरळ उठू शकतात. पण उपचार चांगले आहेत, सेलामेक्टिन वगैरे औषधांनी ती बरी होते. इथे फक्त उशीर करू नका, अशी मांजरं खाणं सोडून खूप खंगतात.

पिसवांबद्दल लोक लगेच म्हणतात की आमच्या मांजराला नाहीत, एक पण दिसली नाही. अहो मांजर स्वतःच पिसवा चाटून गिळून टाकते, त्यामुळे ज्या मांजराला पिसवांची ॲलर्जी आहे तिच्या अंगावर पिसू सापडेलच असं नाही. बारीक दातांच्या फणीने केस विंचरा, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका, लालसर तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, त्यात मांजराचंच रक्त असतं. ही ॲलर्जी जास्त करून पाठ आणि शेपटीच्या बुडाशी दिसते पण मान आणि डोक्यावर पण दिसते, आणि मी खाजेच्या कुठल्याही केसमध्ये पुढचं काही ठरवण्याआधी पिसवांचा बंदोबस्त पक्का करून घेतो.

खाण्याच्या ॲलर्जीत मात्र डोकं, चेहरा आणि मान हीच नेहमीची जागा. ऋतू कुठलाही असो, वर्षभर खाज. गोमांस, मासे, चिकन यांची प्रथिनं मांजरात नेहमीची कारणं. आणि इथे लोकांचा धीर सुटतो कारण खात्रीने सांगणारी रक्ताची टेस्ट नाही, मांजराने आधी कधी न खाल्लेल्या प्रथिनाचं किंवा हायड्रोलाइज्ड, म्हणजे प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेलं, डाएट किमान ८ आठवडे द्यायचं आणि त्या काळात दुसरं काहीही नाही, ट्रीट नाही, ताटातला तुकडा नाही, शेजारच्या वाटीतलं नाही. आणि ८ आठवड्यांनी बरं वाटलं तरी काम संपत नाही, जुनं खाणं परत देऊन खाज परत येते का बघायचं, तेव्हाच निदान पक्कं. मला माहितीये हे किती कठीण जातं, पण अर्धवट ट्रायल केली तर ती न केल्यासारखीच, उलट उगाच वाटतं की खाण्याचा संबंध नाही.

नाकाचा दांडा आणि कानांची टोकं एवढ्याच जागी केस गेलेत, तिथे बारीक पुटकुळ्या आणि खपल्या आहेत, डासांच्या दिवसांत वाढतं, तर डास चावण्याची ॲलर्जी. मांजराला आठवडाभर डास येणार नाहीत अशा खोलीत ठेवलं की उतरायला लागतं, हीच टेस्ट आणि हाच उपाय.

आता गजकर्ण, कारण मलमाचा प्रश्न तिथूनच आलाय. मांजरात हे बहुतेक वेळा मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीमुळे होतं. नेहमीचं चित्र म्हणजे चेहरा, कान, पुढचे पाय इथे गोलसर चट्टे, केस बुडापासून तुटलेले, वर राखेसारखा कोंडा, खाज असेल नसेल. पिल्लं, म्हातारी किंवा अशक्त मांजरं, पर्शियनसारखी लांब केसांची मांजरं यांना जास्त होतं. पण ते कसंही दिसू शकतं, काही मांजरांना एकही चट्टा नसतो आणि घरातल्या मुलाच्या हातावर लाल कडं उठतं तेव्हा पत्ता लागतो. हो, हे माणसाला होतं, म्हणून घरात कोणाला गोल खाजरा चट्टा आला असेल तर व्हेटला ते आवर्जून सांगा, आणि त्या माणसाने स्वतःच्या डॉक्टरला मांजर असल्याचं सांगा.

तपासायला वूड्स लॅम्प, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट प्रकाशाचा दिवा, वापरतात, त्यात बुरशी धरलेले केस हिरवट चमकतात, पण सगळेच प्रकार चमकत नाहीत म्हणून चमकलं नाही तर गजकर्ण नाही असं म्हणता येत नाही. केसांचं कल्चर लावायचं, म्हणजे लॅबमध्ये त्यांवर बुरशी वाढते का बघायचं, त्याला २ ते ३ आठवडे लागू शकतात, बुरशीचा डीएनए शोधणारी पीसीआर टेस्ट त्याहून लवकर मिळते. उपचार म्हणजे व्हेटने वजनावर ठरवलेलं पोटातलं औषध, बहुतेक इट्राकोनॅझोल, सोबत आठवड्यातून दोनदा लाइम सल्फरसारख्या द्रावणाने सगळं अंग भिजवणं, आणि घराची सफाई. सफाईत सगळ्यात जास्त फरक पडतो तो गळलेले केस रोज गोळा करण्याने आणि अंथरुणं धुण्याने, कारण बुरशीचे बीजाणू त्या केसांवरच असतात. आठवडे लागतात, चट्टा भरला म्हणून औषध बंद करायचं नाही, कल्चर निगेटिव्ह येईपर्यंत चालू.

मग माणसांचं मलम का नको? एक म्हणजे मांजर पंजाने ते पुसते आणि पंजा चाटते, म्हणजे लावलेलं सगळं पोटात. दुसरं, अशा बऱ्याच मलमांत बुरशीच्या औषधासोबत तगडं स्टेरॉईड मिसळलेलं असतं, दोन दिवस लाली कमी होते, सगळे खूश, आणि खाली बुरशी मोकळी पसरते. वर चट्ट्याचा चेहरामोहराच बदलतो, नंतर बघणाऱ्याला काय होतं तेच ओळखू येत नाही. याच कारणाने टेस्ट न करता दिलेलं स्टेरॉईडचं इंजेक्शन पण मला पटत नाही, खाज दोन आठवडे थांबते आणि निदान दोन महिने लांबतं. टी ट्री ऑइल तर अजिबात नको, मांजरांना ते विषारी आहे. आणि कुत्र्यांसाठीचं पर्मेथ्रिनवालं पिसवांचं औषध मांजराला चुकूनही लावू नका, झटके येऊन मांजर दगावते. हे वाक्य मी प्रत्येक मालकाला परत परत सांगतो आणि सांगत राहणार.

हनुवटीवर काळे ठिपके, मिरपूड सांडल्यासारखे, आणि केस कमी झालेत तर ते मांजराचं ॲक्ने. ठिपके काळे म्हणून लोकांना पिसवांची घाण वाटते. हलकं असेल तर प्लास्टिकची वाटी बदलून स्टीलची किंवा काचेची ठेवा, रोज धुवा, पिळायला जाऊ नका. सूज, पू, रक्त असेल तर औषध लागतं.

डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली केस गेलेत आणि तिथे कायम ओलं असतं, तर प्रश्न डोळ्याचा किंवा अश्रूंच्या वाटेचा. चपट्या तोंडाच्या मांजरात हे नेहमीचं, हर्पिस व्हायरसमुळे पण होतं. एकाच गालावर केस गेले, जागा सुजलीये, हात लावू देत नाही, तर मारामारीतला चावा आत पिकलाय किंवा दाताच्या मुळाशी पू झालाय, हे त्याच दिवशी दाखवा.

घासण्याचं सांगायचं राहिलं. मांजराच्या गालांत, कपाळावर, हनुवटीत वासाच्या ग्रंथी असतात आणि ती दारं, खुर्च्या, आपले पाय यांना तोंड घासून आपला वास लावते, माजावर आलेली मादी तर फारच. तेवढ्याने सहसा टक्कल पडत नाही. पण पिंजऱ्याच्या जाळीतून नाक घालणारी किंवा अरुंद फीडरमधून तोंड खुपसून खाणारी मांजर नाकावरचे केस घालवू शकते. आणि दोन मांजरं एकत्र असतील तर बघा, कधी कधी एक दुसरीचं तोंड इतकं चाटते की केस आणि मिशा दोन्ही आखूड होतात. अशा मांजराला आठवडाभर वेगळ्या खोलीत ठेवलं की बारीक केस डोकवायला लागतात आणि उत्तर मिळतं.

काही कारणं कमी दिसतात पण ती हातातून सुटली तर महाग पडतात. पेम्फिगस फोलिएशस नावाचा इम्युनिटीचा आजार आहे, त्यात नाक, दोन्ही कान, डोळ्यांभोवती पिवळसर जाड खपल्या येतात, दोन्हीकडे सारख्या, आणि नखांच्या बुडाशी घट्ट पांढरट पू दिसतो. नखं बघा म्हटलं ते यासाठी. याचं निदान खपलीखालच्या पेशी बघून आणि बायोप्सीने होतं, आणि इथे मात्र स्टेरॉईड हेच मुख्य औषध, फक्त निदान झाल्यावर. दुसरं म्हणजे उन्हामुळे होणारा कातडीचा कॅन्सर. मांजर पांढरं किंवा पांढऱ्या कानानाकाचं आहे, उन्हात पसरायची सवय आहे, आणि कानाच्या टोकावर, नाकावर किंवा पापणीवर एक छोटी खपली आहे जी पडते, परत येते, भरतच नाही. लोकांना ते ओरखड्यासारखं वाटतं आणि महिने जातात. लवकर सापडलं तर कानाचा तेवढा भाग काढून मांजर पूर्ण बरी होऊ शकते, म्हणून पांढऱ्या मांजरावरची न भरणारी खपली मी कधीच थांबून बघत नाही.

म्हातारी मांजर असेल, १० वर्षांच्या पुढची, भूक वाढलीये पण वजन उतरतंय, अंगावरची लव विस्कटलेली, तर थायरॉईड तपासा. आणि ज्यांची मांजर थायरॉईडसाठी मेथिमेझोलवर आहे त्यांच्यासाठी एक सांगतो, औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मांजर तोंड आणि मान ओरबाडायला लागली तर तो त्या औषधाचाच परिणाम असू शकतो, लगेच फोन करा, ॲलर्जी समजून दोन महिने डाएट बदलत बसू नका.

तर तुमच्या बोक्याचं काय करायचं? दोन्ही बाजू सारख्या आणि कातडी साफ असेल तर काहीही लावू नका. आठवड्यातून एकदा त्याच जागी, त्याच उजेडात, तेवढ्याच अंतरावरून फोटो काढा, महिनाभर. चट्टा पसरला, एकच बाजू वाढली, कोंडा किंवा लाली आली, डोकं झटकायला लागला, घरात कोणाला चट्टा आला, किंवा त्याचं खाणं आणि वागणं बदललं तर महिना न थांबता दाखवायला न्या. नेताना ते फोटो, तो काय काय खातो त्याची यादी, पिसवांचं शेवटचं औषध कधी आणि कुठलं दिलं, आणि आजवर काय काय लावलं ते सांगा. लावलेलं लपवू नका, कोणी रागावत नाही, आम्हाला ते माहीत असणं गरजेचं असतं. आणि जायच्या आधी आंघोळ घालू नका, खपल्या आणि कोंडा साफ केला की तपासायला उरत नाही.

केस परत येतील का याचं उत्तर कारणावर आहे. खाज, माइट्स, बुरशी यातून गेलेले केस कारण संपलं की काही आठवड्यांत दिसायला लागतात आणि पूर्ण भरायला दोन तीन महिने सहज जातात, जिथे खोल जखम होऊन व्रण पडलाय तिथे मात्र येत नाहीत. तुमच्या बोक्याचं कानशील नॉर्मल निघालं, जे मला वाटतंय, तर तिथे केस आत्ता आहेत तेवढेच राहतील, कुठल्याही तेलाने, बायोटिनने किंवा सप्लिमेंटने वाढणार नाहीत, आणि ते वाढवायची त्याला काही गरज पण नाही.